दहा ओळींचा दगड

शुक्रवारी, ९ मार्च १९५६ रोजी सकाळी सव्वाआठला दगडापाशी जे होतं, ते धर्मराजनं जालन्याच्या चर्चच्या पंचांकडून आलेल्या पत्राच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. नारळ चार, तीन फोडलेले, एक अखंड. हिरव्या बांगड्या पाच. पणती एक, विझलेली, तळाशी करडईचं तेल. झेंडूची माळ एक, सुकलेली. शाळूची कणसं दोन. लाकडी पाळणा एक, वीतभर लांबीचा. उदबत्तीच्या जळक्या काड्या सदतीस.

मग त्यानं दवाखान्यातून आणलेला टेप काढून दगड मोजला. जमिनीवर उंची चार फूट दोन इंच, रुंदी एक फूट दहा इंच. वरच्या आठ इंचांत चंद्र आणि सूर्य. त्याखाली दहा ओळी, अक्षरं दोन-दोन इंचांची. टाचणी खुपसून त्यानं शेंदराची जाडी पाहिली. पाव इंच भरली. पहिल्या दोन ओळी शेंदरानं पूर्ण बुजल्या होत्या, तिसरी अर्धी. म्हणजे एकाच देवाला भज आणि मूर्ती करू नको, या दोन आज्ञा आता वाचता येत नव्हत्या. चौथीपासून खाली सगळं साफ होतं. ‘चोरी करू नको’ तर कालच कोरल्यासारखं दिसत होतं.

“झालं मोजून?” शमुवेलनं विचारलं. तो धाकटा. परतूरपासून तीन मैलांवरची ही जमीन तोच करायचा. धर्मराज थोरला, जालन्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. कालच्या गाडीनं आला होता.

“हा पाळणा कुणाचा?”

“लिंबाजीच्या सुनेचा असंल. तिला दिवस गेलेत.”

“या दगडामुळं गेले?”

“ते लिंबाजीच्या पोराला विचारा. मला काय माहीत.”

धर्मराजनं पेन्सिल खिशात ठेवली. “तू रोज इथून बैल नेतोस. तुला हे दिसलं नाही?”

“दिसलं की.”

“मग?”

“मंग काय? नारळ फोडला की अर्धा आपल्या घरी आणून देतात. पुष्पा चटणी वाटती. काल तुम्ही दोनदा मागून खाल्ली, ती तीच.”

हेही लिहावं का, याचा धर्मराजनं थोडा विचार केला. लिहिलं नाही.

पत्रात लिहिलेलं असं होतं : येत्या रविवारी मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी, म्हणून धर्मराजवर हात ठेवून त्याची नेमणूक करण्याचं ठरलं आहे. परंतु त्याच्या वडिलांच्या शेतात एक दगड असून त्यास नारळ फोडले जातात व त्यास आज्ञाबा असे नाव पडले आहे, असे समजते. ज्याच्या घरची जमीन मूर्तिपूजेस दिली आहे, त्याने मंडळीत वडीलपण कसे करावे? शनिवारी तीन पंच स्वतः येऊन पाहतील. तोपर्यंत निकाल लावून ठेवावा.

पत्रात दगड कुणी उभा केला ते लिहिलं नव्हतं. ते लिहिण्याची जरूर नव्हती. जानेवारी १९५० मध्ये काकासाहेबांनी तो उभा केला, तेव्हा हेच तीन पंच प्रार्थनेला आले होते.

काकासाहेब म्हणजे या दोघांचे वडील. मिशनच्या शाळेत अडतीस वर्षं मास्तरकी केलेले, आता बहात्तर वर्षांचे. रझाकारीच्या दिवसांत घरातलं कुणी दगावलं नाही, म्हणून त्यांनी मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा काळ्या दगडावर कोरून घेतल्या. प्रत्येक आज्ञा थोडक्यात, एका ओळीत बसेल अशी. खडूनं अक्षरं स्वतः काढून दिली, एवढी मोठी की पाथरवट म्हणाला, मास्तर, ही तर आंधळ्यालाही दिसतील. सगळे हसले होते. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी वाचावीत म्हणून मोठी काढली, असं सगळ्यांना वाटलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी दोघांना वाचता येत होतं, आणि ते दोघं काकासाहेबांची मुलं होती.

*

चौकशी अंगणात लिंबाखाली झाली. धर्मराज खुर्चीवर बसला, गुडघ्यावर कागद. काकासाहेब बाजेवर, पाठ ताठ. त्यांची बहीण झुंबरबाई जात्याला टेकून डाळ निवडत होती. तिला घरात सगळे आत्या म्हणत, आणि ती सगळ्यांना नावानं हाक मारी. भावाला तेवढी भाऊ म्हणायची. शमुवेलची बायको पुष्पा उंबऱ्यात उभी होती, कारण चहा तिच्याकडे होता आणि ऐकायचंही होतं.

समोर रखमाजी आणि त्याची बायको गोजरबाई. रखमाजी याच जमिनीचा एक तुकडा बटाईनं करायचा. दोघं पलीकडच्या वस्तीवर राहत.

“रखमाजी,” धर्मराज म्हणाला, “मला कुणाला शिक्षा करायची नाही. फक्त हे कुणी सुरू केलं, तेवढं सांगा.”

“काय सुरू केलं, धर्मराजदादा?”

“ही पूजा.”

रखमाजीनं गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाईनं पदर सारखा केला. “पूजा तर आधीपासूनच चालू व्हती. आम्ही मागून आलो.”

“आधीपासून म्हणजे?”

“दगड बसला तवापासून.”

“गोजरबाई, दगड आम्ही बसवला. आम्ही ख्रिस्ती आहोत. आम्ही पूजा करत नाही.”

“मी कुठं म्हणून राह्यले करता म्हणून? मी डोळ्यानं पाह्यलं तेवढं सांगते.” तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. “एक. सकाळी मास्तर तांब्या घेऊन येतात आन् दगडावर पाणी घालतात. वरून, हळूहळू. आमच्यात त्याला आंघोळ घालणं म्हणतात.”

“चिमण्या घाण करतात,” काकासाहेब म्हणाले.

“करत असतील. दोन. मास्तर चप्पल लांब काढतात. अनवाणी जातात.”

“चिखल असतो.”

“उन्हाळ्यात बी?”

आत्यानं डाळीतला खडा उचलून लांब फेकला.

“तीन,” गोजरबाई म्हणाली. “दिवा. थंडीच्या दिवसांत पहाटंचा तिथं दिवा असतो. तो मी लावला न्हाई.”

“कंदील होता तो,” पुष्पा उंबऱ्यातून म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. “मामंजी अंधाराचे जातात. ठेचकाळू नयेत म्हणून मी नेऊन ठेवायची.”

“दगडापाशी?” धर्मराजनं विचारलं.

“मंग कुठं? तिथंच तर जातात.”

“मी दादांना आधीच सांगणार व्हतो,” शमुवेल म्हणाला. तो काय सांगणार होता, ते कुणी विचारलं नाही.

“चार,” गोजरबाई म्हणाली. “मास्तर दगडावरून हात फिरवतात. वरून खाली, सावकाश. मंग डोकं टेकवतात. मी म्हणलं, एवढा शिकलेला माणूस करतो म्हणजे काहीतरी असंलच. मास्तरांनीच सांगितलं व्हतं मला. मी विचारलं, मास्तर, हे काय हाये? तर म्हणले, ही देवाची आज्ञा हाये. मी घरी येऊन ह्यांना बोलले. मंग म्हशीला फऱ्या झाला तवा मी आज्ञाबाला बोलले.”

“म्हैस बरी झाली?” आत्यानं विचारलं.

“झाली की. अजून दूध देऊन राह्यली.”

“आत्या,” धर्मराज म्हणाला.

“विचारलं फक्त.”

“आणि वार?” धर्मराजनं कागदावर पाहिलं. “दर रविवारी नारळ फोडता. रविवारच का?”

रखमाजी पहिल्यांदाच आपणहून बोलला. “त्या दिवशी तुमच्या घरचे समदे धुतलेले कपडे घालतात, दादा. आम्ही म्हणलं, वार तोच असंल.”

“आणि शेंदूर?”

“तेवढा आमचा,” गोजरबाई म्हणाली. “बाकी समदं व्हतं, शेंदूर तेवढा नव्हता. तुमच्याकून राहून गेला असंल, असं वाटलं.”

आत्या डाळीच्या सुपावर वाकली. तिचे खांदे हलत होते. पुष्पानं चहाचे पेले खाली ठेवले.

पुष्पाला त्या क्षणी सासऱ्यांच्या हातांकडे पाहायचं नव्हतं, पण तिनं पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे होते. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं घासून गुळगुळीत झाली होती, आणि नखांच्या कडेला शेंदूर होता. जेवण वाढताना तिनं हे रोज पाहिलं होतं. आज तिला त्याचा अर्थ लागायला लागला.

धर्मराजलाही काहीतरी कळायला लागलं असावं. त्याला ते नको होतं. त्यानं विषय बदलला.

“ते असो. बाबा, एक गोष्ट मी सहा वर्षं विचारली नाही, आज विचारतो. दहा आज्ञांच्या डोक्यावर चंद्र-सूर्य कशाला? आकाशातल्या कशाच्याही पाया पडू नको, असं शास्त्र सांगतं. तुम्हीच आम्हाला शिकवलं.”

“कुठले चंद्र-सूर्य?” काकासाहेब म्हणाले.

“दगडावरचे. वर. कोरलेले.”

“त्या पाट्या आहेत.”

“कसल्या पाट्या?”

“मोशेच्या. दोन पाट्या. मी पाथरवटाला सांगितलं होतं, वर दोन पाट्या काढ, शेजारी शेजारी, माथ्याला गोल.” काकासाहेब थांबले. “एक जरा तुटकी आली आहे. म्हातारा होता तो, चालायचंच.”

पाथरवटानं आयुष्यभर बांधाचे आणि वीरांचे दगड घडवले होते. दगडाच्या माथ्यावर शेजारी शेजारी दोन गोल गोष्टी काढायच्या म्हटल्यावर त्यानं नेहमीचे चंद्र-सूर्य काढले होते.

“बाबा,” धर्मराज उठला आणि बाजेसमोर उभा राहिला. “किती बोटं?”

“काय पोरखेळ आहे.”

“किती?”

“चार.”

तीन होती. धर्मराजनं एक धरलं. काकासाहेब म्हणाले, दोन. मग त्यानं चार धरली. काकासाहेब म्हणाले, चार. तीनपैकी एक बरोबर आलं. धर्मराजनं वडिलांचा चेहरा उजेडाकडे वळवला. दोन्ही बाहुल्या दुधाळ होत्या. दर आठवड्याला तो पन्नास माणसांच्या डोळ्यांत थेंब टाकत होता.

“कधीपासून?”

“दगडाच्या आधीपासून थोडं. मागच्या दिवाळीपासून फक्त उजेड आणि सावली.”

“रोज रात्री प्रार्थनेला वाचता ते?”

“पाठ आहे.”

“तरीच,” आत्या म्हणाली, “दिवाळीपासून मोशेची माणसं मिसर देशातून निघून राह्यलेत ते निघूनच राह्यलेत. मला वाटलं, लय मोठा देश असंल.”

*

काकासाहेबांना आवाजांवरून कळत होतं की माणसं जागा बदलताहेत. खुर्ची सरकली; धर्मराज बाजेवर त्यांच्या शेजारी येऊन बसला. शमुवेलचा आवाज आता खुर्चीच्या बाजूनं येऊ लागला.

“मला कुणी काही बोलायच्या आधी सांगतो,” काकासाहेब म्हणाले. “पुस्तक मला वाचता येत नाही. कागद गुळगुळीत असतो. दगडावरचं वाचता येतं. या बोटांनी. सकाळी जातो, दहा ओळी वाचतो, परत येतो. मला आता वाचता येतं असं जगात तेवढंच आहे.”

“डोकं टेकवता ते?” शमुवेलनं विचारलं.

“दहावी ओळ खाली आहे. वाकावं लागतं.”

“शेंदराचं तुम्हाला माहीत व्हतं?”

“मला वास येतो, शमुवेल.” त्यांनी उजव्या हाताची बोटं अंगठ्यानं चोळली. “पहिल्या दोन ओळी बोटांना लागेनात, तेव्हाच कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही दगड काढला असता.”

धर्मराजनं घसा साफ केला. सकाळी निघताना त्यानं घण कुठं आहे ते शमुवेलला विचारून ठेवलं होतं. आता तो म्हणाला, “दगड राहू द्या. शेंदूर खरवडून काढू. टर्पेंटाइननं निघतो. भोवती काटेरी तार लावू. पंचांना मी सांगतो, म्हाताऱ्या माणसाला वाचायला ठेवला आहे. हात ठेवायचे नसतील तर नका ठेवू म्हणावं.”

“तार लावली तर तारंला नारळ बांधतील,” शमुवेल म्हणाला. “दादा, तुम्ही उद्या गाडीत बसून जाल. हितं रोज मला राहायचंय. सकाळी मी ते पाह्यलं न पाह्यल्यासारखं करत व्हतो, कारण मला वाटलं बाबांना माहीत न्हाई. आता माहीत हाये म्हणल्यावर मला न्हाई जमत. फोडा.”

“सकाळी तू चटणीचं सांगत होतास.”

“सकाळी वेगळं व्हतं.”

“आडवा पाडा, पालथा घाला आन् मोरीत बसवा,” आत्या म्हणाली. “मला धुणं धुवायला चांगला दगड न्हाई. अक्षरं खाली राहतील, कुणाला दिसायची न्हाईत.”

“देवाच्या नावावर धुणं धुवायचं?” धर्मराज म्हणाला.

“मंग फोडायचं कसं नावाला? तुमचं तुम्हीच ठरवा. मोशेनं पण पाट्या फोडल्या रागात. मंग पुन्हा डोंगर चढून दुसऱ्या आणाव्या लागल्या. दुहेरी काम.” तिनं सूप झटकलं. “आपल्या बापानं दुष्काळाच्या साली बाप्तिस्मा घेतला, तवा देव्हाऱ्यातले टाक विहिरीत टाकले. मी चार वर्षांची व्हते. टाकले ते टाकले, मागं वळून पाह्यलं न्हाई. तुमच्यासारखी बैठक न्हाई भरवली.”

“पुष्पा, तुझं काय म्हणणं?” धर्मराजनं विचारलं. त्यानं पुष्पाला कशाबद्दलही विचारण्याची ही पहिली वेळ होती.

“मी मामंजींना पुस्तक वाचून दाखवीन,” पुष्पा म्हणाली. “मला सातवीपर्यंतचं येतं. पण ते स्वतः वाचणं न्हाई व्हायचं. ते मला माहीत हाये.”

तेव्हा गोजरबाई बोलली. तिला जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती बसून होती.

“मास्तर, इचारू का एक?”

“विचार.”

“तुमचा देव दगडात न्हाई म्हणता. ती फक्त अक्षरं हायेत म्हणता. मंग ती तुम्हाला पाठ असली तर तुम्ही रोज तिथंच का जाता? हितं बाजंवर बसून म्हणलं तर चालत न्हाई का?”

“गोजरे, गप,” रखमाजी म्हणाला.

काकासाहेबांनी उत्तर शोधलं. अडतीस वर्षं त्यांनी मुलांना प्रश्न विचारले होते, आणि उत्तर येत नसलेला मुलगा कसा गप्प बसतो ते त्यांना ठाऊक होतं. तो छपराकडे बघतो. त्यांनी मान वर केली. लिंबातून उजेड येत होता, तेवढा कळला.

खरं उत्तर त्यांना येत होतं. बाजेवर बसून त्यांनी करून पाहिलं होतं. दहाही ओळी म्हटल्या होत्या, एकही शब्द चुकला नव्हता, आणि काही झालं नव्हतं. दगडावर हात ठेवला की व्हायचं. गार दगड, पाण्याचा ओलावा, आणि बोटाखाली येणारं पहिलं अक्षर. गेल्या पावसाळ्यात आठ दिवस ताप आला आणि त्यांना जाता आलं नाही, तेव्हा नवव्या दिवशी दगडाला हात लागल्यावर ते त्याला म्हणाले होते, मी आलो. मोठ्यानं म्हणाले होते. कुणी ऐकलं नव्हतं.

“इस्राएल लोकांना रानात साप चावले,” काकासाहेब म्हणाले. वर्गात सुरू करायचे तसंच सुरू केलं. “तेव्हा देवानं मोशेला सांगितलं, पितळेचा साप कर आणि खांबावर लाव. जो त्याच्याकडे बघेल तो वाचेल. मोशेनं केला. माणसं वाचली. मग तो साप त्यांनी जपून ठेवला. शेकडो वर्षं. हळूहळू त्याच्यापुढं धूप जाळायला लागले. पुढं हिज्कीया नावाचा राजा झाला. त्यानं काय केलं, धर्मराज?”

“फोडला,” धर्मराज खालच्या आवाजात म्हणाला.

“फोडला. मोशेनं स्वतःच्या हातानं केलेला. देवानं सांगून करवलेला. तरी फोडला.” त्यांनी हात गुडघ्यांवरून उचलले. “माझा दगड तर मला कुणी करायला सांगितलाही नव्हता. शमुवेल, घण आण.”

“बाबा, आधी डोळ्यांचं ऑपरेशन करू,” धर्मराज म्हणाला. “एका तरी डोळ्यानं दिसेल. मग ठरवू. दोन महिने थांबू.”

“दिसलं तर मला दगड लागणार नाही. आणि नाही दिसलं तर मी तो फोडू देणार नाही. म्हणून आज.”

“मी न्हाई हात लावणार,” रखमाजी म्हणाला.

“तुला सांगितलं नाही. मी मारणार आहे.”

“आन् कोप झाला तर?” गोजरबाईनं विचारलं.

“तर माझ्यावर होईल. मी सगळ्यांत जवळ असणार.”

गोजरबाईला हे पटलं. ती उठली. “जल्दी करू नका. लिंबाजीच्या सुनंचा पाळणा हाये तिथं. मला समदं उचलून घेऊ द्या.”

*

दुपारी तीनला सुरुवात झाली. आधी शमुवेल आणि धर्मराजनं कुदळीनं भोवतीची माती काढली. दगड जमिनीखाली दोन फूट एक इंच होता. पहारी घालून त्यांनी तो उपटला आणि पाठीवर आडवा निजवला, अक्षरं आभाळाकडे करून. आत्या छत्री धरून उभी होती. ती छत्री भावावर धरायची की स्वतःवर, हे तिचं ठरत नव्हतं. रखमाजी बांधावर पाठ करून बसला. त्याला जायचं नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं.

काकासाहेब शेजारी गुडघ्यांवर बसले. त्यांनी तळापासून वर एकदा हात फिरवला. दहाव्या ओळीपासून चौथीपर्यंत बोटं अडखळत गेली. तिसरीनंतर ती सरळ सरकली. वर गेल्यावर त्यांनी एक गोल चाचपला, मग दुसरा. “ही चंद्रकोर होय,” ते म्हणाले.

मग ते उठले आणि घण मागितला.

पहिला घाव मातीत बसला. दुसराही. धर्मराजनं एक खडा घेतला आणि दगडावर टक्‌ टक्‌ वाजवला. “इथं, बाबा.” हात काढून घेतला. तिसरा घाव बसला. त्यानंतर तसंच चाललं : धर्मराज खड्यानं जागा दाखवायचा, मागं व्हायचा, आणि काकासाहेब आवाजावर घण घालायचे. खालून वर. दहावी ओळ चार घावांत गेली. खोटी साक्ष आणि चोरी एकदम गेल्या. आईबापांना मान देण्याची ओळ मधोमध तडकली, तेव्हा धर्मराजनं खडा वाजवायचा थांबवला. काकासाहेब घण उचलून तसेच उभे राहिले. “दाखव,” ते म्हणाले. त्यानं दाखवलं.

“एका तुकड्यावर एक पूर्ण शब्द राहायला नको,” त्यांनी सांगितलं. शमुवेल तुकडे उलटून बघत होता. ‘नको’ दोनदा अख्खा सापडला. तो पुन्हा फोडला.

वरच्या दोन ओळींना सगळ्यांत जास्त वेळ लागला. तिथं शेंदूर आणि तेल होतं, आणि घण सरकत होता. एकोणतिसाव्या घावानंतर काकासाहेबांनी घण जमिनीवर टेकवला. शमुवेल पुढं आला. त्यांनी त्याला नको म्हटलं, दोन घाव आणखी घातले, आणि मग घण त्याच्या हातात दिला. उरलेले सोळा शमुवेलनं घातले. चंद्र-सूर्य त्यात गेले.

तुकडे गाडीवाटेवरच्या खळग्यात टाकले आणि वरून मुरूम पसरला. जमिनीतला खड्डा भरला. रखमाजी उठून आला आणि न सांगता पायानं माती दाबून सारखी करायला लागला.

“तुला हात लावायचा न्हवता ना?” शमुवेल म्हणाला.

“मी पाय लावून राह्यलोय.”

त्या संध्याकाळी प्रार्थनेला पुष्पानं पुस्तक उघडलं. तिनं विचारलं, कुठून वाचू. काकासाहेब म्हणाले, कुठूनही वाच, मिसर देश सोडून. तिनं वाचलं. तीन ठिकाणी ती अडली, तिन्ही ठिकाणी त्यांनी शब्द सांगितला. जेवताना आत्यानं त्यांच्या ताटात भाकरी कुस्करून दिली, जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं, आणि त्यांनी ती खाल्ली.

*

शनिवारी दुपारच्या गाडीनं तीन पंच आले. त्यांनी दाबलेली माती पाहिली. एकानं काठी टोचून पाहिली. दुसऱ्यानं विचारलं, इथं आता काय करणार. शमुवेल म्हणाला, तूर. त्यांनी चहा घेतला. धर्मराजनं चटणीचं स्वतः सांगितलं. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अजाणतेपणी झालं असं ठरवलं. संध्याकाळच्या गाडीनं धर्मराज त्यांच्याबरोबर जालन्याला गेला. निघताना त्यानं काकासाहेबांना सांगितलं की मंगळवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात, तो सोमवारी न्यायला येईल. काकासाहेब बरं म्हणाले.

रविवारी सकाळी साडेसहाला पुष्पानं पाहिलं, तर बाज रिकामी होती. तांब्या जागेवर होता. चप्पल अंगणाच्या कडेला काढलेली होती.

ती दारात आली. काकासाहेब शेतात नेहमीच्या जागी उभे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले होते आणि उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलं होतं. ते बोलत होते. दगड होता तेव्हा ते मनात वाचायचे, ओठसुद्धा हलायचे नाहीत. आज ते मोठ्यानं म्हणत होते, शाळेत म्हणायचे तसं, एकेक ओळ तोडून. माझ्याविना दुसरा देव नको. मग थांबायचे. मूर्ती करू नको. मग थांबायचे. तिला सगळं दारापर्यंत ऐकू येत होतं.

पाचव्या ओळीला ते अडले. पुष्पाला वाटलं, आपण जावं. पण ते पुढं गेले.

दहावी ओळ झाल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि तसेच उभे राहिले. पाठीमागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यांना दिसलं नसतं.

पुष्पानं मोजलं. काकासाहेबांच्या मागं, चार हात अंतर सोडून, वस्तीवरची अकरा माणसं अनवाणी उभी होती.